काइट किती मीटरचा घ्यावा? आधी कॅलेंडर उघडा

काइटबोर्डिंगचा कोर्स संपवून मुंबईत परतलेला माणूस आठवडाभरातच विचारू लागतो, की आता स्वतःचा काइट घ्यायचा तर किती मीटरचा? उत्तरादाखल बहुतेकदा त्याच्या हातात एक तक्ता पडतो. उभ्या रांगेत वजन, आडव्या रांगेत वारा, मधल्या चौकटीत काइटचं माप. तक्ता खोटा नसतो. पण तो ज्याच्यासाठी केलेला असतो, त्याच्या घराजवळ एक ठरलेला किनारा असतो आणि हंगामात तिथे ठरलेला वारा येतो. बोरिवली, अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपरला राहणाऱ्याचं तसं नाही. आपल्याला वाऱ्याकडे प्रवास करून जावं लागतं, आणि आपण ज्या दोन ठिकाणी जातो तिथले वारे अगदी वेगळ्या स्वभावाचे आहेत. म्हणून माप ठरवताना आधी कॅलेंडर उघडा. येत्या वर्षात कुठे आणि कोणत्या महिन्यांत खरोखर जाणं होणार आहे, हे लिहून काढा. तक्त्याची पाळी त्यानंतर.

वर्सोवा, जुहू, आक्सा, गोराई हे किनारे हाताशी असताना बाहेर जायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याला कारणं आहेत. काइटच्या दोऱ्या साधारण २० ते २४ मीटर लांब असतात. नवशिक्यासाठी वाऱ्याच्या खालच्या अंगाला किमान त्याच्या दुप्पट पट्टा माणसांपासून मोकळा हवा. जुहूला नेमका वारा असतो तेव्हाच, म्हणजे दुपारनंतर, किनारा गर्दीने भरायला लागतो. शेजारीच जुहूचा विमानतळ आहे आणि हेलिकॉप्टरची ये-जा चालू असते. मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर आणि तशा उडत्या वस्तूंवर वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यामुळे चौकशी न करता इथे काही हवेत सोडणं बरोबर नाही. वर्सोव्याला होड्या आणि जाळी आहेत, तो कोळी बांधवांच्या पोटापाण्याचा किनारा आहे. आक्साच्या पाण्याने किती जीव घेतले, हे मालाडकरांना सांगायला नको.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे जिवाशी येऊन भिडतात. पहाटे आणि सकाळी पश्चिम किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा कितीही छान वाटला तरी त्यात काइट लावू नका. दोरी तुटली किंवा काइट पाण्यात पडून उठला नाही, तर तो वारा तुम्हाला अरबी समुद्रात आत घेऊन जाईल. हा नियम गोव्यालाही तितकाच लागू आहे.

आता जायच्या ठिकाणांकडे वळू. मुंबईकराला सगळ्यात सोपा पडतो तो उत्तर गोव्यातला मोरजी आणि आश्वेचा किनारा. इथला हंगाम साधारण जानेवारीपासून मेपर्यंतचा. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वायव्येचा वारा येतो. हा वारा येताना दिसतो, आणि तो बघायला शिकणं हे माप निवडण्याचाच भाग आहे. दुपारपर्यंत पाणी सपाट असतं, माडाच्या झावळ्या सरळ खाली लोंबत असतात. मग क्षितिजाजवळ पाण्याचा एक पट्टा गडद होतो. तो पट्टा किनाऱ्याकडे सरकू लागतो आणि झावळ्यांची टोकं एका बाजूला वळतात. थोड्या वेळाने कुठे कुठे लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. फेस तुरळक असेल तर वारा १० नॉटच्या आसपास समजावा. नजर टाकाल तिथे फेस दिसत असेल तर १५ च्या जवळपास. गोव्यात बहुतेक दुपारी वारा या दोन आकड्यांच्या मध्येच असतो. १ नॉट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर ताशी, म्हणजे १५ नॉटचा वारा ताशी २८ किलोमीटरचा. हवामान खात्याचा अंदाज बऱ्याचदा किलोमीटरमध्ये असतो, तेव्हा आकडा वाचताना गफलत होऊ देऊ नका. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे कुंपण घातलेल्या जागेच्या आसपास काइट पसरू नका, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

जून ते सप्टेंबर हा पश्चिम किनारा आपल्यासाठी बंद. पावसाळी वारा जोरदार असतो, पण तो झोतांनी येतो आणि समुद्र खवळलेला असतो. मात्र तोच नैऋत्य मोसमी वारा पश्चिम घाट ओलांडून तामिळनाडूच्या आग्नेय टोकाला पोचतो, तेव्हा त्यातला पाऊस बराचसा घाटाच्या अलीकडे पडून गेलेला असतो. रामनाथपुरम आणि रामेश्वरमचा परिसर त्या महिन्यांत बहुतांशी कोरडा असतो आणि वारा दमदार असतो. रामेश्वरमच्या बेटाजवळ उथळ, सपाट पाणी मिळतं, म्हणून तिथे काइटबोर्डिंग रुजलं. तिथे दुसरा हंगाम हिवाळ्यात येतो, ईशान्येच्या वाऱ्याचा, साधारण डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत. तो थोडा नरम असतो. जून ते सप्टेंबरच्या हंगामात मात्र २० नॉट आणि त्याच्या पुढचा वारा ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणजे एका वर्षात एकाच माणसाला मार्चमध्ये १२ नॉटचा वारा भेटतो आणि जुलैमध्ये २२ चा. आकड्यांत हा फरक दुपटीहून कमी आहे, पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा १४ झाला की त्याच कापडावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. १२ चा २२ झाला, की तिपटीहून जास्त. नवशिक्याने एवढं एक गणित मनात पक्कं ठेवलं तरी पुष्कळ अपघात टळतील. वारा ‘थोडासाच वाढलाय’ असं कुणी म्हणतं तेव्हा ओढ थोडीशी वाढलेली नसते.

मापाचा जगभर वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा: आपलं वजन किलोत घ्या, त्याला २.२ ने गुणा आणि नॉटमधल्या वाऱ्याने भागा. उत्तर चौरस मीटरमध्ये येतं. ७० किलोच्या माणसाला १२ नॉटला सुमारे १२.८, १५ ला १०.३ आणि २० ला ७.७. हा हिशेब नेहमीच्या दोन टोकी बोर्डसाठी आणि बऱ्यापैकी शिकलेल्या माणसासाठी आहे. मधल्या वाऱ्यात तो चांगला लागू पडतो, दोन्ही टोकांना फसवतो. वारा अगदी कमी असेल तर हिशेबापेक्षा मोठा काइट लागतो आणि वारा फार असेल तर हिशेबापेक्षा लहान. त्याचं कारण तो वर्गाचा नियमच. हिशेबात आपण वाऱ्याने नुसता भागाकार करतो, जोर मात्र वर्गाने बदलत असतो. मधल्या भागात ही तफावत आपण काइट वर-खाली हलवून किंवा बार पुढे-मागे करून भरून काढतो. टोकांना ती भरून निघत नाही.

आणखी एक बाब आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. तक्ते बहुधा थंड देशांतल्या कंपन्यांनी केलेले असतात. १० अंशांच्या हवेपेक्षा ३० अंशांची हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते. तेवढ्याच नॉटचा वारा आपल्याकडे तेवढाच कमी ओढतो. ७० किलोच्या माणसाला गोव्यात १२ नॉटला १२ चा काइट कमी पडल्यासारखा वाटतो, त्यात हेही एक कारण आहे. दोन मापांमध्ये मन अडकलं असेल आणि मुख्य जाणं गोव्यालाच असेल, तर मोठ्या मापाकडे झुका.

मग किती काइट घ्यायचे? उपनगरात राहून वर्षातून तीन-चारदा वाऱ्याला जाणाऱ्याने दोन घ्यावेत, तीन नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. एक गोव्याचा आणि एक रामेश्वरमचा. ७० किलोच्या आसपास वजन असेल तर १२ किंवा १३, आणि जोडीला ९. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला किंवा मुलाला १० आणि ७. पंच्याऐंशी-नव्वदच्या माणसाला १५ आणि ११. यातला मोठा काइट साधारण ११ ते १८ नॉट सांभाळतो आणि लहान १६-१७ पासून पंचविशीपर्यंत. मधे दोन नॉटचा पट्टा असा राहतो, की तिथे दोन्ही चालतात. हा पट्टा मुद्दाम ठेवायचा असतो. तो नसेल तर नेमक्या त्याच वाऱ्यात एक काइट कमी पडतो आणि दुसरा झेपत नाही, आणि सुट्टीचा तो दिवस वाळूवर बसून जातो.

दोन मापांतलं अंतर मीटरमध्ये मोजू नका, प्रमाणात मोजा. ५ आणि ७ यांच्यातला फरक दोनच मीटरचा दिसतो, पण प्रमाण १२ आणि १७ इतकंच आहे. म्हणून हलक्या माणसाची जोडी आकड्यांनी जवळ असते आणि जड माणसाची लांब. मोठं माप लहान मापाच्या सव्वापट ते दीडपटीच्या दरम्यान असलं, की जोडी जमली समजा. ९ घरात असताना कुणी स्वस्तात १० देत असेल तर तो घेऊ नका. तुमच्या वाऱ्याच्या पट्ट्यात त्याने काहीच भर पडत नाही.

काइट आपल्या मापाचा आहे की नाही, हे पाण्यावर हातालाच कळतं. मोठा झाला असेल तर बार पूर्ण पुढे सोडूनही ओढ थांबत नाही. हात ताठ होतात, बोर्डची कड पाण्यात धरत नाही, ती घसरत राहते, आणि प्रत्येक फेरीत तुम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूला ढकलले जाता. लहान असेल तर उलट होतं. काइट एका जागी धरला की बोर्ड बुडायला लागतो, चालत राहण्यासाठी काइट सतत वर-खाली फिरवत राहावा लागतो. बरोबर मापाचा काइट एका जागी शांत उभा राहतो, बार हाताच्या आवाक्याच्या मध्यावर राहतो आणि तुम्ही निघालात त्याच जागी परत येऊ शकता. कमी पडणारा काइट वैताग देतो, जास्त होणारा हाडं मोडतो. शंका आली तर लहान लावा. वारा झोतांनी येत असेल तर सरासरीचा आकडा सोडा आणि झोताचा आकडा धरा. सरासरी १४ आणि झोत २० असेल, तर नवशिक्यासाठी तो २० चाच वारा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग उंच चढू लागले, तर काइट उतरवून गुंडाळून ठेवा, माप कोणतंही असो.

मोठा काइट कमी पडतो म्हणून त्याहून मोठा घेण्याआधी बोर्डकडे बघा. आपल्याकडे लोक काइटवर लाख-लाख रुपये खर्च करतात आणि बोर्ड हातात येईल तो घेतात. ७० किलोच्या माणसाने १३६ ऐवजी १४४ किंवा १५० सेंटिमीटरचा, रुंद आणि सपाट तळाचा बोर्ड घेतला, तर १२ चाच काइट एक-दोन नॉट कमी वाऱ्यात चालतो. गोव्यात हे एक-दोन नॉट म्हणजे दिवस मिळणं किंवा न मिळणं. पाण्याखाली पंख असलेला फॉइल बोर्ड तर याहून कितीतरी कमी वाऱ्यात नेतो, पण तो पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विषय नाही, आणि उथळ पाण्यात तो जमिनीला लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटची शर्यत पहिल्यांदा झाली, मार्सेयच्या समुद्रात. त्यात २० चौरस मीटरच्या पुढचे काइट दिसले. ते फॉइलवर शर्यत लावणाऱ्यांचे, हवेच्या कप्प्यांचे काइट आहेत. ते बघून आपलं माप ठरवू नका.

जुना काइट घ्यायला हरकत नाही, उलट पहिला जुनाच घ्यावा. फक्त तो किती जुना, हे बघा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये फुगवता येणाऱ्या काइटचं पेटंट घेतलं, तिथून हा खेळ उभा राहिला. पण २००५ च्या सुमारास त्यांच्याच कल्पनेतून बो काइट बाजारात आले, तेव्हा मोठा बदल झाला. बार पुढे सोडला की ओढ जवळजवळ पूर्ण जाते, हे तेव्हापासून शक्य झालं. त्याआधीच्या काइटचा वाऱ्याचा पट्टा अरुंद होता, म्हणून लोक तीन-चार मापं बाळगत. त्या काळातला काइट कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. घेताना काइट फुगवून तासभर तसाच ठेवा. पुढची नळी सैल पडली तर ब्लॅडर किंवा व्हॉल्व्ह गळतोय. कापड बोटांनी चोळून बघा. नवं कापड कुरकुरतं, उन्हाने खाल्लेलं लुळं पडतं आणि जोर दिला तर फाटतं. बारवरची ओढ तोडणारी खटकी, तिला क्विक रिलीज म्हणतात, स्वतः दाबून बघा. तिच्यात वाळू अडकली असेल, तर ती धुऊन सुटेपर्यंत पैसे देऊ नका.

दोनच काइट का, याचं आणखी एक कारण सामानात आहे. मदुराईला विमानाने जाऊन पुढे रामेश्वरमकडे रस्त्याने जायचं, तर देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान चालतं. १२-१३ चा काइट तीन-साडेतीन किलोचा, ९ चा त्याहून थोडा हलका, बोर्ड चार किलोच्या आसपास, हार्नेस दोन-अडीच, बार आणि पंप मिळून तीनेक किलो. झाले पंधरा. तिसऱ्या काइटला जागाच उरत नाही. गोव्याला रेल्वेने जाणाऱ्याला वजनाची चिंता कमी. बोरिवलीवरून वसई-पनवेलमार्गे मडगावला जाणारी गाडी २०२४ पासून सुरू आहे, मुलुंड-घाटकोपरच्या लोकांना ठाण्याहून कोकणकन्या सोयीची. थिवीला उतरलं की आश्वे फार दूर नाही. बोर्डची बॅग बर्थखाली आडवी बसते. गर्दीच्या वेळी मात्र ती लोकलमध्ये घेऊन चढू नका, आधी किंवा नंतर निघा.

घरी आल्यावर काइट गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण सुकवा. मुंबईच्या दमटपणात ओला काइट गुंडाळून माळ्यावर टाकला, तर एका पावसाळ्यात कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका. ब्लॅडरचं प्लास्टिक तापलं की आतून एकमेकांना चिकटतं.

राहता राहिला खरेदीचा क्रम. दोन्ही काइट एकदम घेऊ नका. कोर्स चालू असताना प्रत्येक दिवशी शाळेचा कोणता काइट हाती दिला, तेव्हा वारा किती होता आणि बार कुठे होता, हे फोनमध्ये नोंदवत जा. या चार-सहा नोंदी कोणत्याही तक्त्यापेक्षा तुमच्या मापाबद्दल खरं सांगतील, कारण त्यात तुमचं वजन, तुमचं कौशल्य आणि आपल्याकडची गरम हवा, तिन्ही आलेलं असतं. पहिली सहल गोव्याची ठरली असेल तर मोठा काइट आधी घ्या, रामेश्वरमची ठरली असेल तर लहान. दुसरं माप त्या हंगामात भाड्याने वापरा. जून ते ऑगस्टमध्ये रामेश्वरमला जाणाऱ्या ७० किलोच्या माणसालाही एखाद्या दिवशी ९ जास्त होईल. त्या दिवसापुरता तिथल्या शाळेकडून ७ चा भाड्याने घ्या, विकत घेऊ नका. दुसरा काइट पुढच्या हंगामाच्या तोंडावर घ्या आणि शक्य असेल तर पहिल्याच कंपनीचा. म्हणजे एकच बार दोन्हींना चालण्याची शक्यता जास्त, तरी दोऱ्यांची जोडणी आणि बारची रुंदी दुकानदाराकडून खात्री करून घ्या. वाचलेले पैसे चांगल्या हार्नेसवर खर्च करा, कारण काइट कोणत्याही मापाचा लावला तरी त्याची ओढ शेवटी तुमच्या कमरेवरच येणार आहे.